गोधडीचा घास

“...पण मग घास घालायचा कुणी?”

माई पावटे सोलत होत्या.

मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. माईंना ऐकू कमी येतं असं मठात सगळे म्हणतात. माई म्हणतात, ऐकू येतं. ऐकणं कमी करत आणलंय.

“कसला घास?”

“गोधडीचा, माई. मघापासून तेच सांगतेय.”

“मघापासून तू टेम्पोचं सांगत होतीस.”

खरं होतं. टेम्पोचं मी आधी सांगितलं होतं, कारण भीती टेम्पोचीच जास्त होती.

दत्ताचा हा मठ आमच्या गावामागच्या टेकडीवर आहे. माई तिथं एकट्या राहतात. भगवं लुगडं नेसतात, चिमणीएवढं जेवतात आणि येणाऱ्याला आधी कामाला लावतात. कुणी मुलीचं लग्न जमेना म्हणून येतं, कुणी म्हैस आटली म्हणून. माई म्हणतात, बस, आणि पुढ्यात पावट्याच्या शेंगा सरकवतात. माझ्याही पुढ्यात ढीग होता. मी घाबरले की भरभर सोलते. माईंनी तेवढ्यासाठीच मला बोलतं ठेवलं होतं की काय, कोण जाणे.

“नाव काय म्हणालीस?”

“शाल्मली.”

“शाल?”

“शाल्मली, माई. सावरीच्या झाडाचं नाव आहे.”

“घरात शाल असताना गोधडी कशाला?”

त्यानंतर त्यांनी मला शालच म्हटलं.

मी मांडीवरची गोधडी उलगडली आणि मधली उघडी जागा दाखवली. आमच्याकडे गोधडी कडेनं शिवायला घेतात. धावदोरा घालत, फिरत फिरत आत यायचं. शेवटी अगदी मध्ये तळहाताएवढी जागा राहते. तिला पोट म्हणतात. ज्याच्यासाठी गोधडी शिवली, त्यानं त्या पोटात भाकरीचा घास ठेवायचा आणि मग ते शिवून टाकायचं. उपाशी गोधडी पांघरणाऱ्याला झोपू देत नाही, असं माझी आत्या सांगते. आत्याला स्वतःला रात्र रात्र झोप येत नाही, त्यामुळे याबाबतीत तिच्यावर विश्वास ठेवावाच लागतो.

“मग अडलंय कुठं?” माई म्हणाल्या. “ज्याच्यासाठी शिवलीस त्याला म्हणावं, घाल घास.”

“भाच्यासाठी घेतली होती. त्याच्या बारशाला.”

“आण त्याला.”

“माई... त्याला मिसरूड फुटलंय.”

माईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हणजे मी पट्ट्या वाढवत गेले,” मी घाईघाईनं म्हणाले. “तो वाढेल तशी कडेनं एकेक पट्टी. नाही म्हणायला बरीच मोठी झाली बघा गोधडी. पण तो जास्त वाढला.”

“विचारलंस त्याला?”

“विचारलं. म्हणाला, मावशी, पाय बाहेर राहतील. शिवाय मधे ससे आहेत.”

माईंनी वाकून पाहिलं. ससे होते. मी अकरावीत असताना कापलेले, लाल छिटाचे, कानांनी जरा कमी. त्यातल्या एकाला माई बराच वेळ बघत राहिल्या.

“ही म्हैस का?”

“ससा आहे.”

“बरं.”

शेंगा पुन्हा फुटू लागल्या.

“मग आता कुणासाठी आहे ही?”

“प्रदर्शनासाठी.”

“प्रदर्शनाला थंडी वाजते?”

मी हसले. माई हसल्या नाहीत. मग मीही थांबले... मग उगाच एक शेंग सोलली, ती किडकी निघाली, आतली अळी हातावर आली आणि मी किंचाळले.

देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडाली.

“अळी आहे,” माई म्हणाल्या. “प्रदर्शन नव्हे.”

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तालुक्याच्या महिला मंडळाचं हस्तकला प्रदर्शन, उद्या सकाळी उद्घाटन. गेल्या वेळी मी नाव दिलं होतं आणि गोधडी दिली नव्हती. त्याच्या आधीही. यंदा मंडळाच्या सुलभाताईंनी फोनवर विचारलं, तयार आहे ना नक्की? मी म्हणाले, तयार आहे, फक्त इस्त्री राहिलीय.

“गोधडीला इस्त्री?”

“तोंडातून गेलं, माई.”

सुलभाताईंनी विश्वास ठेवला. पत्रिकेत माझं नाव छापलं. समोरची आख्खी भिंत मला दिली, तिच्यावर खिळे ठोकले आणि खाली पुठ्ठ्यावर माझं नाव लिहून लावलं. काल त्यांचा पुन्हा फोन आला. आवाज गोडच होता. म्हणाल्या, शाल्मली, या वेळी ती भिंत रिकामी राहिली ना, तर पुन्हा तुझं नाव माझ्यापुढं कुणी काढायचं नाही असं मी सगळ्यांना सांगणार आहे. आणि मग म्हणाल्या, आईला नमस्कार सांग.

सगळ्या गावांतून वस्तू गोळा करणारा टेम्पो दुपारी टेकडीखालच्या पाराशी येणार होता. आणि दुपार होत आली होती.

“इतकीच राहिलीय,” माईंनी उघड्या पोटावर हात ठेवला. “पाणी तापेपर्यंत होईल. एवढी वर्षं का पडली?”

“दोरा संपला होता.”

“मग?”

“आणला. मग सुई हरवली.”

“मग?”

“सापडली.”

“कुठं?”

“पायात.”

माईंनी मान डोलावली, जणू सुया तिथंच सापडतात.

“मग परीक्षा आली. मग दिवाळी. मग एम.ए. मग एकदा मांजर व्यायली हिच्यावर, त्या पिल्लांना कसं उठवायचं... आणि दर वेळी पुन्हा घेतली की आदल्या ओळी वाकड्या दिसायच्या. मग त्या उसवायच्या. उसवल्या की परत घालायच्या. तोवर कंटाळा.”

“कंटाळा?”

“...भीती.”

“कसली गं?”

मला वाटलं, सांगू नये. पण माईंनी शेंगा बाजूला ठेवल्या होत्या.

“पुरी झाली की लोक बघतील ना, माई. आता कुणी बघितली तर मी म्हणते, अजून व्हायचीय. कुणी काही बोलत नाही मग. झाली म्हटल्यावर काय म्हणायचं? टाके वाकडे आहेत.”

“दाखव.”

मी गोधडी त्यांच्या पुढ्यात पसरली. त्यांनी उजेडाकडे धरून एक कडा पाहिली, दुसरी पाहिली, बोट फिरवत फिरवत मध्यापर्यंत आल्या.

“आहेत,” म्हणाल्या.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, कुठं गं, छान तर आहेत. सगळे तसंच म्हणतात. मी त्याची इतकी तयारी करून आले होते की माझ्या तोंडून “छे, काहीतरीच काय माई” असं निघूनसुद्धा गेलं.

मी गोधडीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

शेवटी मी पिशवीतून फडक्यात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला.

“तुम्हीच घाला ना घास.”

“मी का?”

“तुमच्या हातचा म्हटल्यावर... कुणी काही बोलणार नाही.”

“आणि गोधडी उपाशी राहिली तर?”

मी फडक्याची गाठ सोडू लागले.

“तर माईनं घातला होता, मी नाही. असंच ना?”

“तसं नाही, माई.”

“कसं मग?”

“...तसंच.”

माईंनी हात पुढं केला. मी तुकडा दिला. त्यांनी तो कपाळाला लावला. मी गोधडीच्या पोटाचं वरचं कापड दोन बोटांनी उचलून धरलं. डोळे मिटले, मनात दत्ताचं नाव घेतलं आणि वाट बघत राहिले.

काही झालं नाही.

डोळे उघडले तर माई चावत होत्या.

“माई!”

“मीठ कमी आहे.”

“माई, तो गोधडीचा घास होता!”

“चटणी नाही आणलीस?”

“गोधडीला चटणी कोण देतं?”

“म्हणून तर उपाशी राहतात,” माई म्हणाल्या आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या.

मला रडू यायला लागलं. भाकरी तेवढीच होती. मठात भाकरी नव्हती, कारण माई संध्याकाळी एकदाच चूल पेटवतात. घरी जाऊन यायचं तर टेम्पो निघून जाणार. आणि मला समोर ती भिंत दिसायला लागली, नुसते खिळे आणि खाली माझं नाव.

माई उठल्या. लुगड्यावरची सालं झटकली. माझ्या मांडीवरची गोधडी ओढून घेतली, डोक्यावरून घेतली, अंगाभोवती गुंडाळली आणि उन्हाकडे तोंड करून पुन्हा खाली बसल्या. आतून फक्त नाक दिसत होतं.

“शिव.”

“पण घास...?”

“कुठंय घास?”

“तुमच्या पोटात.”

“आणि मी कुठंय?”

“...गोधडीत.”

“मग घास कुठंय?”

तर्कशास्त्र हा माझा बी.ए.चा विषय होता आणि त्यात मला मार्कही बरे होते. यात चूक कुठं आहे ते मला त्या वेळी सापडलं नाही. अजूनही शोधतेय.

“शिव गं. मला झोप येतेय.”

गोधडीचं पोट त्यांच्या पाठीवर आलं होतं. मी मागं जाऊन बसले. सुईत ओवायला घेतलेला दोरा नेढं सोडून सगळीकडे गेला.

“माई, टोचेल तुम्हाला.”

“टोचलं तर ओरडेन.”

“तुम्ही ओरडलात तर मी दचकेन.”

“मग ओरडणार नाही.”

मी टाके घालू लागले. पहिले काही मोजून घातले, मग मोजायचं राहून गेलं. माईंना खरंच झोप लागली. त्या घोरू लागल्या तशी गोधडी वर यायची आणि खाली जायची, म्हणजे टाका खाली जाताना घालायचा आणि वर येताना दोरा ओढायचा. ससे श्वास घेत होते. तो म्हशीसारखा ससासुद्धा.

मी इतकं सलग कधी शिवलं नव्हतं. मागच्या ओळी वाकड्या आहेत की नाहीत ते बघता येत नव्हतं, कारण माई हलत होत्या. पोट लहान होत गेलं... तळहाताएवढं, मग पावट्याच्या दाण्याएवढं.

शेवटचा टाका घालायला मी सुई खुपसली आणि खालून टेम्पोचा हॉर्न वाजला.

साधा हॉर्न नव्हता. तो नागिणीची पुंगी वाजवणारा हॉर्न होता.

मी दचकले. माझ्यासोबत हात दचकला आणि हातासोबत सुई. टाका सरळ जायचा तो पालीच्या शेपटीसारखा वळून भलतीकडेच निघाला. तसाच ओढला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

“झाली!” मी ओरडले.

माई जाग्या झाल्या. “ओरडायचं माझं ठरलं होतं.”

ड्रायव्हर तोवर पायऱ्या चढून वरच आला होता. दिनकर नाव त्याचं. तालुक्याला भाजी नेतो, मंडळाचं काम असलं की टोपल्या उतरवून वस्तू नेतो.

“ओ ताई, द्या की लवकर,” तो धापा टाकत म्हणाला. मग त्यानं गोधडी पाहिली. गोधडीतून बाहेर आलेलं नाक पाहिलं. “माईंनाबी न्यायचंय का? मागं समद्या कुंभारवाड्याची मडकी हायती. माणूस मावायचं न्हाई.”

“नाही नाही, फक्त गोधडी.”

मी गोधडीचं टोक धरून ओढलं. गोधडी आली. माईसुद्धा आल्या.

पुन्हा ओढलं. पुन्हा आल्या.

“अगं, सोड,” माई म्हणाल्या.

“मी सोडलीय, माई. तिनंच धरलंय.”

मी गोधडीची कड उचलून आत बघितलं. जाड थरांतून सुई खालपर्यंत जावी म्हणून मी जोर लावत होते. सुई खालपर्यंत गेली होती. त्याच्याही खाली गेली होती. गोधडीचं सगळं पोट, सुरुवातीपासून त्या वाकड्या शेवटच्या टाक्यापर्यंत, माईंच्या पाठीवरच्या पदरात शिवलं गेलं होतं.

दिनकरनं वाकून पाहिलं. “लय पक्कं शिवलंय,” तो म्हणाला. मनापासून म्हणाला बिचारा.

“उसवते,” मी म्हणाले. “पाच मिनिटं. उसवते आणि नीट घालते. तसाही तो शेवटचा वाकडा आलाय.”

“ताई, पाच मिनिटं म्हंजी कुणाच्या घड्याळाची? मला अजून दोन गावं हायती.”

“खरंच पाच. माई, हलू नका.”

मी पिशवीतून कात्री काढली आणि तिचं टोक टाक्याखाली घातलं. माईंनी मागं हात आणून माझं मनगट धरलं.

“उसवलंस की काय होईल?”

“पोट उघडं पडेल.”

“मग?”

“मग परत शिवीन.”

“कधी?”

खाली टेम्पोचं इंजिन चालू होतं. मला उत्तर माहीत होतं, माईंना माहीत होतं, आणि दिनकरच्या तोंडाकडे बघितलं तर बहुतेक त्यालाही कळलं होतं.

माईंनी मनगट सोडलं. पदर खांद्यावरून ओढून ताणून धरला.

“काप.”

“गोधडी?”

“पदर.”

“माई!” मी कात्री मागं घेतली. “तुमचा पदर आहे. भगवा आहे.”

“रंग आहे. काप.”

दिनकरनं कानांच्या पाळ्यांना हात लावला. “ताई, पाप लागंल हां. म्या सांगतुया.”

“तू टेम्पो बघ,” माई त्याला म्हणाल्या. “तो बंद पडला तर तुला लागेल.”

मी कात्री हातात धरून उभी होते. उसवणं मला येत होतं. आयुष्यभर केलं होतं. इथं उसवलं असतं तर माई काही बोलल्या नसत्या, दिनकर निघून गेला असता, आणि मी सुलभाताईंना काहीतरी सांगितलं असतं. काय सांगायचं ते तयारही होतं. मांजर. मांजर पुन्हा व्यायली.

कात्रीची पाती उघडली. मी डोळे मिटले.

“डोळे उघड,” माई म्हणाल्या. “पलीकडं मी आहे.”

मी डोळे उघडले आणि कापलं.

कापताना मोठा आवाज झाला, निदान मला तरी तसं वाटलं. टाक्यांच्या भोवतीनं गोल कापत आले. गोलही नीट आला नाही, कैरीसारखा आला. गोधडी सुटली. तिच्या मागं, अगदी मधोमध, एक भगवा वेडावाकडा तुकडा अडकून राहिला होता.

दिनकरनं गोधडी घेतली. घडी घालताना थांबला.

“मागं ह्ये भगवं काय हो?”

मी सांगायला तोंड उघडलं. घास, पोट, पाठ, हॉर्न, त्यात माझी कशी काही चूक नव्हती... सगळं ओठांवर आलं होतं.

“ठिगळ आहे,” मी म्हणाले. “वाकडं आलंय.”

त्यानं निरखून पाहिलं.

“व्हय,” म्हणाला आणि गोधडी खांद्यावर टाकून पायऱ्या उतरू लागला. खाली पुंगी वाजली. मी पुन्हा दचकले, पण हातात काही नव्हतं.

टेम्पो वळणाआड गेला. मांडी हलकी वाटायला लागली. हात कुठं ठेवायचे ते कळेना, म्हणून पावट्याच्या शेंगा ओढून घेतल्या. सोलायच्या उरल्या नव्हत्या. सगळ्या माझ्याच सोलून झाल्या होत्या.

माई पदर पुढं घेऊन बघत होत्या. मधोमध चांगलं कैरीएवढं भोक. त्यांनी त्यातून हात घातला. हात पलीकडं निघाला. त्यांनी बोटं हलवून बघितली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माई, मी नीट करून देते. उद्याच येते. उद्या नको, उद्या उद्घाटन आहे... परवा. चांगलं ठिगळ लावते. पण कापड याच रंगाचं पाहिजे, नाहीतर उठून दिसेल. तालुक्याला बघते, तिथं नाही मिळालं तर साताऱ्याहून मागवते. आधी कागदावर माप काढून घेते, म्हणजे कडा बरोबर जुळतील. खालून अस्तरही लावावं लागेल बहुतेक...”

माईंनी पदर वर धरला. भोकातून एका डोळ्यानं त्या माझ्याकडे बघत होत्या.

“राहू दे, शाल,” त्या म्हणाल्या. “भोक पुरं झालंय.”